विंझरचे माझे एकमेव वाचक

मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचणारा या पृथ्वीवर एकच माणूस आहे, तो विंझरला राहतो आणि नात्याने माझा मामेसासरा लागतो. मी कथा-कादंबऱ्या लिहीत नाही. यंत्राच्या खोक्यात यंत्राबरोबर येणारे कागद लिहिते: माहितीपुस्तिका, झटपट सुरुवातीची पत्रकं, सावधगिरीच्या सूचना, बिघाड शोधायचे तक्ते. या वाङ्मयावर लोक भजी निथळत ठेवतात. आमच्या घरीही तेच होतं, फक्त मी जुनी आवृत्ती आधी वापरायला सांगते.

मामांचं तसं नाही. खोकं उघडलं की ते आधी कागद काढतात, चष्मा पुसतात आणि ओसरीवर बसून खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून वाचायला घेतात. शेवटचं पान होईपर्यंत यंत्राला हात लावायची कुणाला मुभा नाही. मिक्सर आला त्या दिवशी मामी पाट्यावर चटणी वाटून मोकळ्या झाल्या, तरी मामा ‘ही पुस्तिका कशी वापरावी’ यावरच होते. फ्रिज ‘सपाट जागी ठेवावा’ असं वाचून त्यांनी गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराची जमीन नव्याने करून घेतली. तोवर फ्रिज पडवीत उभा होता, आणि शेजारपाजारच्या बाया नवी नवरी बघावी तशा त्याला बघून जात होत्या. ‘मुलांपासून दूर ठेवावे’ म्हणून बॅटरी माळ्यावर असते. वीज गेली की ती शोधायला मेणबत्ती लावतात. “मामा, तुमचा मुलगा चाळिशीचा झाला आता,” मी म्हटलं. “पोर त्ये पोरच, सूनबाई. आन् लिवलंय कुनी? तुमीच ना?”

त्यांच्यावर हसणं सोपं होतं, मामींच्या कानाचं मशीन येईपर्यंत. मामींना ऐकू येईनासं झालं होतं. मामा ओरडून ओरडून थकत, आणि मामी हळूहळू बोलायच्याच बंद झाल्या. लग्नकार्यात कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून नुसत्या हसायच्या. पुण्यातल्या डॉक्टरांनी आमच्याच कंपनीचं मशीन त्यांच्या कानाला जुळवून दिलं. कागद सगळे माझे, त्यामुळे मी खुशीत. पुढच्याच आठवड्यात मामांचा फोन आला, “सूनबाई, मशीन डबीतच हाय. तुमच्यापायी.”

रविवारी गेले. मामांनी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘आधी चालू करावे, मग कानात बसवावे.’ पत्रकात होतं, ‘आधी कानात बसवावे, मग चालू करावे.’ आमच्या धंद्यातली ही खास चूक: एका कागदात सुधारणा करायची आणि त्याच्या भावंडाला कळवायचं नाही. “दोनी तुमचंच,” मामा म्हणाले, “मग म्या कुणाचं ऐकू?”

आता कुठल्याही शहाण्या बाईने मशीन उचलून मामींच्या कानात घातलं असतं. मी लॅपटॉप उघडला. शुद्धिपत्र काढायला घेतलं, त्याला क्रमांक दिला, समास नीट केले. मामा शेजारी बसून म्हणाले, “हां, आता रीतसर झालं.” आम्ही दोघं इतके रमलो, की मामी मागून कधी आल्या आणि डबी घेऊन कधी गेल्या ते कळलंच नाही. पुण्यात डॉक्टरांनी एकदा करून दाखवलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

मामा शुद्धिपत्र तपासायला पुस्तिका मोठमोठ्याने वाचत होते. “सूचना पयली. मशीन पान्यापासनं...”

“केवढ्यानं वराडताय!”

मामी दारात उभ्या होत्या. पदर कानामागे खोचलेला.

मामा थांबले. कागद कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. मग अगदी हळू म्हणाले, “ऐकू आलं व्हय गं?”

“आलं की.” मामी येऊन त्यांच्याजवळ बसल्या, आणि जरा वेळाने म्हणाल्या, “आवाज तुमचा म्हातारा झाला वो. मला ठावंच न्हाई.”

मी लॅपटॉप मिटला.

“वाचा की म्होरं,” मामी म्हणाल्या.

आणि मामांनी वाचलं. ओलावा, ऊन, बॅटरी, साफसफाई; मीच लिहिलेली ती रटाळ वाक्यं, शेजारच्या माणसाशी बोलावं तशा खालच्या आवाजात. मामी एकेक शब्द ऐकत होत्या.