सोमवारची दाढी

मांजरसुंब्याला ढाब्यांच्या रांगेमागं रामकिसनचं सलून आहे. चौतीस वर्षांत या माणसाच्या गालावर एका दिवसाचीही खुंटं कुणी पाहिली नव्हती. न्हाव्यानंच दाढी वाढवली तर गिऱ्हाइकानं काय बघून खुर्चीत बसायचं, असं तो म्हणायचा. दिवाळीनंतर त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू उतरली आणि जीभ जड झाली. तेव्हापासून चार महिने तो उंबऱ्याबाहेर आला नाही आणि दाढीला कुणाचा हात लागू दिला नाही. देवानं त्याचं अर्धं अंग नेलं, हट्ट मात्र अख्खाच्या अख्खा ठेवला.

शेजारचा सलूनवाला सत्तार रोज विचारायला यायचा. पण त्यात एक भानगड होती. न्हावी न्हाव्याकडून दाढीचे पैसे घेत नाही. त्यानं याची करायची, यानं त्याची. सोमवारी दुकानं बंद असायची, त्या दिवशी हे दोघं एकमेकांची दाढी करायचे. वीस वर्षं ही पाळी चुकली नव्हती. लकवा झाल्यावरही सत्तार पहिल्याच सोमवारी पेटी घेऊन आला, तर रामकिसननं तोंड भिंतीकडं केलं.

"मंग तुझी कोण करणार बे? फुकटची दाढी मला नको."

सत्तार पेटी तशीच घेऊन परत गेला. जाताना त्यानं डोळे पुसले ते रामकिसनच्या बायकोनं, मंगलनं पाहिलं आणि तिला नवऱ्याचा असा संताप आला की त्या दिवशी तिनं पेजेची वाटी त्याच्यापुढं आदळलीच.

तीन महिने असेच गेल्यावर तिनं विचारलं, "बाहेर कवा येणार तुमी?"

"तोंड नीट झाल्यावर."

"मंग मीच करते तुमची दाढी."

रामकिसननं मग डाव्या हातानं कपाट दाखवलं. "जपानी काढ."

हा वस्तरा भाचा युवराजनं आणला होता. कंपनीनं त्याला सहा महिने जपानला पाठवलं होतं. अखंड पोलादाचा, न मिटणारा, मुठीला वेत गुंडाळलेला. याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एकच बाजू कातडीकडं ठेवायची, पातं पालटायचं नाही. रामकिसननं मात्र पहिल्याच दिवशी आपल्या वस्तऱ्यासारखी दोन्ही बाजूंनी सारखीच धार लावली आणि स्वतःची हनुवटी कापून घेतली. मग महिनाभर दगडावर घासून तो वस्तरा सुधारला आणि शिकलाही. कातडीकडची बाजू कळावी म्हणून मुठीच्या त्या बाजूला लाल दोरा बांधला. सोमवार सोडून रोज तो स्वतःची दाढी त्यानंच करायचा.

"सलूनमधला हलका असतो, नवीन माणूस त्याला जोर देतो," तो अडखळत म्हणाला. "ह्याला वजन हाय. तू नुसती धर."

मंगल फुग्यांवर शिकली. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्यानं काढायचा. दुपारभर घरात फटाफट आवाज यायचे. शेजारणीला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे. तीन पाकिटं संपली. फुगा नेमका एकाच जागी फुटायचा: उजवीकडं वळताना मंगलची बोटं आपोआप पातं पालटायची.

त्यात डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिलेली. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, मशीनच फिरवा, असं त्यांनी बजावलं होतं. मंगलला ते आठवलं की ती वस्तरा खाली ठेवायची. पण मशीनला रामकिसन हात लावू देत नव्हता. घरात बसून हा माणूस आतल्या आत मरतोय, हे तिला रोज दिसत होतं.

शेवटी एका सोमवारी सकाळी तिनं त्याला दारापाशी उजेडात खुर्चीवर बसवलं. दाढी कात्रीनं बारीक केली, गरम पाण्याचा टॉवेल लावला, फेस केला. तुरटी आणि स्वच्छ फडकं जवळ ठेवलं.

डावी बाजू त्याच्या हुकमानं झाली. "कातडी ताण. जोर देऊ नको. आडवं धर." एकेक पट्टा निघत गेला आणि खालून तिच्या ओळखीचा गाल वर आला. 

"आता उजवी," रामकिसन म्हणाला. "इकडं मला कळत न्हाई. कापलं तरी सांगता यायचं न्हाई. तूच बघ."

मंगलनं पातं जबड्यावर टेकवलं आणि तिची बोटं वळली. कातडीकडचा लाल दोरा वर आला.  तिनं वस्तरा सरळ वर उचलला. कापलं नव्हतं.

ती उठून त्याच्या मागं गेली. त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून घेतलं. मागून हात वळवावा लागत नव्हता, लाल दोरा कातडीकडंच राहिला. हळूहळू गाल झाला, जबडा झाला. राहिला गळा.

चार महिने तिनं त्याला चमच्यानं भरवलं होतं. लकव्यानंतर त्याला साधी लाळ गिळतानाही ठसका लागायचा, तोही एकदम, न सांगता.  पातं गळ्याच्या घाटीखाली होतं. तेवढ्यात त्याचं डोकं तिच्या पोटाशी किंचित जड झालं. मान ताठली. बाकी काहीच झालं नाही, पण मंगलनं वस्तरा उचलून हातभर लांब धरला.

आणि ठसका आला. असा आला की खुर्ची हलली, फेस तिच्या पातळावर उडाला. रामकिसनच्या डोळ्यांत पाणी आलं. दम बसल्यावर त्यानं लांब धरलेल्या वस्तऱ्याकडं पाहिलं.

"तुला कसं कळलं?"

"मला तुमच्या आधी कळतं," ती म्हणाली.  पातळावरचा फेस पुसून तिनं उरलेला गळा पुरा केला.

रामकिसननं आरसा मागितला नाही. डाव्या तळव्यानं गाल चाचपला आणि म्हणाला, "सदरा दे माझा. वस्तरा बी घे संगं."

काठी आणि मंगलचा खांदा धरून तो आपल्या बंद सलूनपर्यंत आला. पायरीवर सत्तार बिडी ओढत बसला होता. बिडी त्याच्या हातातून पडली. तो जवळ आला, न्हाव्याच्या नजरेनं गळा तपासला, जबड्याखाली बोट फिरवलं.

"या अल्ला! कुणी केली बे?"

"आमच्या घरच्या न्हाव्यानं." रामकिसननं मंगलला सलूनचं कुलूप काढायला लावलं आणि काठीनं आतली खुर्ची दाखवली. "बस. तुझी पाळी. पुढच्या सोमवारी तू माझी करायची."

"आवो, मला कुणी इचारलं का?" मंगल घाबरून म्हणाली. पण सत्तारनं खुर्ची पुसली, बसला, मान मागं टाकली आणि डोळे मिटले. वीस वर्षं जशी टाकत होता तशीच.

मंगलनं वस्तरा जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवून धुतला, पुसला, लाल दोरा बघून घेतला. पातं गालाजवळ नेऊन ती थांबली.

"सत्तारभाई," ती म्हणाली, "ठसका यायचा असंल तर आधी सांगा. तुमचा मला कळत न्हाई."