माझ्या अंगठ्याखालचा अर्धा सेकंद

हे मी सुमनला सांगितलेलं नाही, म्हणजे कोणालाच सांगितलेलं नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली. बायकोपासून दुसरं काही लपवल्याचं आठवत नाही – एवढं एकच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसून हे बोलायची माझी छाती नाही.

मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. आता निवृत्त. गावच्या यात्रेत बैलगाडे पळतात तेव्हा घाटाच्या वरच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभा असतो तो मी. आमच्याकडे गाड्यांची झुंज नसते. एकेक गाडा एकटाच चढावर सुटतो, आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागतो तो घाटाचा राजा. जुन्नर-आंबेगावातल्या मोठमोठ्या घाटांवर आता सेन्सर आलेत, आमच्या यात्रेत मात्र अजून मास्तरांचं घड्याळ चालतं. मास्तर खोटं सांगायचे नाहीत, असं गाव इतकी वर्षं म्हणत आलं की मलाही ते खरंच वाटत होतं.

विलास माझा विद्यार्थी. मंचरला त्याचं मिक्सर-कूलरचं मोठं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी सुमन त्याच्या दुकानात मिक्सरचं भांडं बदलायला गेली होती. नेमका तेव्हाच काउंटरवरचा त्याचा मोबाइल दिसेना. त्यानं काय केलं असेल? भरल्या दुकानात सुमनची पिशवी काउंटरवर उलटी केली. कोथिंबिरीची जुडी, शेंगदाणे, बीपीच्या गोळ्या, माझा धुवायला काढलेला आणि चुकून पिशवीत राहिलेला रुमाल – सगळं लोकांसमोर. मोबाइल त्याच्याच बिलबुकाखाली निघाला. तेव्हा हसत म्हणाला, "होतं असं कधी कधी, काकू. च्या घ्या." सुमननं चहा घेतला नाही. ती घरी आली, पिशवी धुवून वाळत घातली, आणि त्यानंतर आठवडे बाजाराला एकटी कधी गेली नाही.

मी त्याला जाब विचारायला गेलो का? नाही. लोक काय म्हणतील, माझा विद्यार्थी आहे, चूक झाली असेल – असली कारणं मी स्वतःला देत राहिलो. खरं सांगू? मी घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाचा राग लई दिवस टिकतो. तो मी जपला, रोज थोडा थोडा तापवत ठेवला.

मग गेल्या वर्षी, पाडव्याच्या आधी, हायवेला त्याचा फ्लेक्स लागला. हात जोडलेला विलास, बाजूला त्याचे बैल, आणि खाली मोठ्या अक्षरांत – पाडव्यापासून यात्रेपर्यंत मिक्सर घ्या. आमचा गाडा घाटाचा राजा झाला, तर मिक्सर तुम्हाला फुकट. लोक हसले आणि लोकांनी मिक्सर घेतलेसुद्धा. विलासचा गाडा कधी पहिल्या पाचात आला नव्हता. आपण हरणार याच भरवशावर त्यानं ती योजना काढली होती, हे मला फ्लेक्स वाचल्या वाचल्या कळलं. आणि कळल्याबरोबर फार बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं.

त्याला जिंकवायचं.

ते मी किती मन लावून केलं, हेही सांगतो. शिक्षकांच्या ग्रुपवर ती जाहिरात मीच फॉरवर्ड केली. पारावर बसून म्हणायचो, यंदा विलासचे बैल तयारीत आहेत बरं का. शेजारच्या दोघींना मीच दुकानात धाडलं. खड्डा जितका खोल, तितका हा आत जाईल – एवढंच डोक्यात होतं. लेकाचा रस्त्यावर यावा असं वाटत होतं. आजही ते वाटलं नव्हतं असं म्हणणार नाही.

यात्रेच्या दिवशी सकाळी डिंभ्याकडच्या हौसाबाईंचा गाडा पळाला. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा कंपनीत. गाडा सुटायच्या आधी माइकवाल्यानं सांगितलं होतं, "मंडळी, बाईंच्या चिमण्याची ही शेवटची बारी. पोरगं म्हणतंय, पैला आला तर दावणीला ऱ्हाईल, न्हाईतर चाकणच्या बाजारात." चिमण्या म्हणजे त्यांच्या हातून भाकरी खाऊन वाढलेला बैल. तो असा पळाला की घाट उभा राहिला. अकरा सेकंद आणि वर काही. दुपारपर्यंत त्या वेळेच्या जवळपासही कोणी आलं नाही. हौसाबाई सकाळपासून मांडवाच्या कडेला चिमण्याच्या मानेवर हात ठेवून बसून होत्या. मी जिथं उभा होतो तिथून त्या स्पष्ट दिसत होत्या.

विलासची बारी चारच्या सुमारास आली. बैल खरंच बरे पळाले – मला वाटलं होतं त्याहून बरे. पण पहिले नव्हते. गाडा सुटताना खाली झेंडा पडला, तेव्हा माझा अंगठा बटणावर तसाच थांबला होता. अर्धा सेकंद. मग दाबला, घड्याळ तेवढं उशिरा सुरू झालं. एवढंच. ते कोणाला दिसलं नाही, दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी आकडा वाचून दाखवला, माइकवाल्यानं तो पुन्हा वाचला, आणि घाटात भंडारा उधळला गेला. त्या अर्ध्या सेकंदात मला हौसाबाई आठवल्या का? आठवल्या. ही गोष्ट सांगायला बसलो ती याच्यासाठी. आठवल्या, आणि तरी मी थांबलो.

आता हा बुडताना बघायचा म्हणून मी विलासकडे वळलो. तो रडत होता. बैलांच्या गळ्यात पडून, लहान पोरासारखा. त्यानं बक्षिसाची ढाल डोक्यावर धरली आणि नाचत सुटला. त्याला मिक्सर आठवतही नसतील. मी त्याच्या तोंडावरची भीती शोधत होतो आणि तिथं नुसता आनंद होता. तेव्हाही मला पश्चात्ताप झाला नाही. संताप आला. माझ्याच हातानं मी त्याला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस दिला होता.

गर्दी पांगल्यावर हौसाबाई वर चढून आल्या. दम लागला होता. म्हणाल्या, "मास्तर, तुमी सोता बघितलं का वो घड्याळात? थोडक्यात गेला म्हनत्यात." मी म्हणालो, हो, स्वतः बघितलं. "मंग खरंच आसंल," त्या म्हणाल्या, आणि उतरून गेल्या. चिमण्या पुढच्याच बाजारात विकला गेला. कोणी घेतला, पुढं त्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही. कंपनीच्या गेटवर त्यांच्या मुलाला गाठून विचारता आलं असतं.

विलासनं सगळे मिक्सर दिले, शब्द पाळला. अवसरीला कॉलेजपाशी दुसरं दुकान काढणार होता, ते तेवढं राहिलं. बाकी गिऱ्हाईक वाढलंच. आणि यात्रेनंतर आठ दिवसांनी तो एक मिक्सर घेऊन आमच्या घरी आला. माझ्या नाही, सुमनच्या पाया पडला. "काकू, त्या दिवशी मी लई वंगाळ वागलो. देवानं मला ह्ये दिलं, आन् मी तुमची माफी बी मागितली न्हाई." सुमन दारात उभी राहून रडली. पुढच्या आठवड्यात ती एकटी बाजाराला गेली. पिशवी भरून आली, भाव कसे चढलेत ते मला ऐकवलं.

तो मिक्सर ओट्यावर आहे. रोज सकाळी त्यात चटणी होते. त्यानं सुमनची पिशवी उलटी केली तेव्हा आमच्या घरात चोरीचं काही नव्हतं. आता आहे, आणि ते कोणी आणलं हे तिला माहीत नाही. विलास मला आजही आवडत नाही. दारावरून गेला की जुना राग अजून तसाच वर येतो.

यंदाच्या यात्रेत समितीनं घड्याळ पुन्हा माझ्याच हातात दिलं. मी घेतलं. डिंभ्याहून हौसाबाईंचा गाडा आला नव्हता.