तारामतीच्या वहीतलं तिसरं पान

लातूर वेगळा जिल्हा होऊन चारएक वर्षं झाली होती आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, तेव्हाची ही गोष्ट. रेणापूरच्या बाजूला एका गावात तारामती नावाची नर्सबाई होती. बौद्धवाड्यातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. नवरा देविदास मुदखेडला रेल्वेत नोकरीला, महिन्यातून एकदा घरी यायचा. बाकीचे दिवस ती, उपकेंद्राची एक खोली आणि वाट्याला आलेली पाच गावं.

त्या उन्हाळ्याआधी तिला दीड महिना मद्रासकडच्या एका मिशन दवाखान्यात शिकायला पाठवलं. तिथं शिकवणारी एक सिस्टर लंकेची होती. मोडक्या हिंदीत ती म्हणाली, "आमच्याकडे बाळंतपणात बाई गेली की आम्ही तिच्या घरी जातो. दुखणं कधी सुरू झालं, कधी कळलं, कधी निघाले, कुठं थांबले, सगळं विचारतो. चूक कुणाची ते नाही विचारत. उशीर कुठं झाला ते विचारतो."

तारामतीच्या मनात ते पक्कं बसलं. आजवर गावात बाई गेली की रजिस्टरला एक ओळ पडायची, 'उशिरा आणले', आणि विषय संपायचा.

परत आल्यावर तिनं शंभर पानी वही घेतली. पहिलं पान पारूबाईच्या सुनेचं. वार अडकून रक्त गेलं होतं. पारूबाई आधी बोलायलाच तयार नव्हती. "सून न्हवं, लेकरूच गेलं माझं. आता लिहून काय करताव?" तारामती दोन दिवस नुसती उंबऱ्याशी बसून आली. तिसऱ्या दिवशी पारूबाई आपणहून बोलली. तांबडं फुटताना पोट दुखायला लागलं, आणि गाडी निघाली दुपार कलल्यावर.

"एवढा वेळ का लागला, मावशी?"

"गाडी व्हती की दारात. बैलं कुठं व्हती? समद्या गावाची बैलं छावणीला."

दुसऱ्या पानावरही तेच निघालं. दुष्काळात गुरं सहा मैलांवरच्या चारा छावणीत गेलेली, आणि गाड्या दारोदार जू टेकून पडलेल्या. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण त्यानं बायका मरतात, असं कुणी जोडून पाहिलं नव्हतं.

ती सरपंच अर्जुनरावांकडे गेली. "एक जोडी गावात ठेवा. फक्त बाळंतिणीसाठी."

अर्जुनरावांनी वहीच्या दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझीच ठिवतो. घरातलं पाणी कमी करू, पण ठिवतो."

त्या बैलजोडीनं दोन बायका वेळेवर दवाखान्यात पोचवल्या. सुईण धुरपताबाई आधी तारामतीला वैरीण समजायची, तीसुद्धा निरोप धाडायला लागली.

मग बसम्मा. निलंग्याच्याही पलीकडची, कानडी मुलखातली. चन्नबसप्पाशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मराठी तिला जेमतेम यायचं. आठवा महिना होता. गुरुवारी तपासणीच्या दिवशी ती सकाळी टँकरवर दोन घागरी भरून तशीच आली. पाय सुजलेले. तारामतीनं पाहिलं आणि म्हणाली, "पाणी वाहू नको गं. पाय वर करून निजत जा." बसम्मानं डोळ्यांपाशी हात नेला आणि म्हणाली, "बाई, कण्णु मंजु मंजु." तारामतीला कळलं नाही. मागं तीस-चाळीस बायका उभ्या होत्या. ती हसली, लोहाच्या गोळ्या हातावर ठेवल्या आणि पुढचीला हाक मारली. बीपीचं यंत्र टेबलावरच होतं.

शनिवारी सकाळी बसम्माला झटके आले. पाव घटकेत बैल जुंपले. चन्नबसप्पा तिचं डोकं मांडीवर धरून बसला, तारामती शेजारी. वाटेत आणखी दोनदा झटके आले. दवाखान्यात डॉक्टरांनी मूल वाचवलं, मुलगी झाली. बसम्मा शुद्धीवर आलीच नाही.

पाच दिवसांनी तारामती वही घेऊन त्या घरी गेली. चन्नबसप्पा भिंतीला टेकून बसला होता. तिनं विचारलं, दुखणं कधीपासून?

"झटक्याआदी आठ दिस तरी. डोकं दुखतंय म्हणायची. कण्णु मंजु म्हणायची."

"म्हंजे काय?"

"डोळ्याम्होरं धुकं. मीच म्हनलं, गुरुवारी नर्सबाईला सांग."

सुजलेले पाय, डोकेदुखी, डोळ्यांपुढं धुकं, या बीपी चढल्याच्या खुणा तारामतीला पाठ होत्या. मग ती म्हणाली, "तिनं सांगितलं व्हतं. मला कळलं न्हाई, आन मी इचारलं बी न्हाई."

चन्नबसप्पा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "तिला वाटलं, तुमाला समजलं." आणि आत निघून गेला.

तिनं तिसरं पान लिहिलं. गाडीला उशीर नाही. दवाखान्यात उशीर नाही. गुरुवार, अकरा वाजता, उपकेंद्र. नर्सनं बीपी पाहिला नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बैठकीआधी डॉक्टरांनी ते वाचलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे स्वतःच्या हातानं कशाला देताय? उशिरा आणलं म्हणा."

"उशिरा न्हाई आणलं, साहेब. दोन दिस आधी ती स्वतःच्या पायानं आली व्हती."

बैठकीत तिनं पान वाचून दाखवलं. सुईणींनाही बोलावलं होतं; कोपऱ्यातून धुरपताबाई उठली. पारूबाईच्या सुनेची अडकलेली वार आपण ओढली होती, त्यानंच रक्त वाढलं, म्हणाली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग आणखी दोघी नर्सा आपापलं बोलल्या.

तारामतीला लेखी ताकीद मिळाली. पण पुढच्या महिन्यापासून तपासणीच्या टेबलावर कागद चिकटवलेला असे: डोकं दुखणं, डोळ्यापुढं धुकं, अंगावरून जाणं, हे कानडीत, तेलुगूत आणि लमाणीत कसं म्हणतात ते. बायका कितीही असोत, बीपी पाहिल्याशिवाय कुणी उठत नसे. त्यानं काही जणी वाचल्या असतील. किती, ते कुणाला सांगता आलं नसतं.

देविदास म्हणाला, "तुझ्या हातून चांगलंच झालं की शेवटी." तिनं वही उघडून तिसरं पान त्याच्यापुढं ठेवलं.

बसम्माची मुलगी तिच्या आजीनं कानडी मुलखात नेली. तारामतीनं दोनदा निरोप पाठवला, लसीला आणा म्हणून. उत्तर आलं नाही. गुरुवारी बायकांना तपासताना ती आता प्रत्येकीला, बोलून झाल्यावरही, पुन्हा एकदा विचारायची, "आन काय?"