जरा जास्तच वेगवान लॉक

आमचं ऑफिस बेळगावात, कॅम्पात आहे. एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग कंपनीनं भाड्यानं घेतलाय. मालक निवृत्त सुभेदार. मी कर्नलचं काम करते असं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी कुठल्या रेजिमेंटचे कर्नल, असं विचारलं होतं. कॉम्प्युटरच्या आत सगळ्यात खाली चालणारी, बाकीच्या प्रोग्रामांना कामं वाटून देणारी यंत्रणा म्हणजे कर्नल, हे मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पुढं बरेच दिवस जाता-येता ते माझ्याकडं निरखून बघत.

आम्ही माहिती साठवणाऱ्या मोठ्या यंत्रांचा कर्नल सांभाळतो. अशा एका यंत्रात पुष्कळ प्रोसेसर असतात, आम्ही त्यांना कोर म्हणतो. दोन कोरांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातला की घोटाळा होतो. म्हणून माहितीला लॉक लावायचं. एक कोर आत, बाकीचे बाहेर थांबलेले. हे थांबणं कसं घडवायचं, यातच सगळं कसब. दवाखान्यात सगळे टोकनच्या बोर्डाकडं डोळे लावून बसतात तसे कोर एकाच आकड्याकडं बघत बसले, तर कोर वाढतील तसं यंत्र मंदावतं. म्हणून मी रांगेचं लॉक लिहिलं होतं. प्रत्येकानं फक्त आपल्या जागेवर लक्ष ठेवायचं, पुढचा बाहेर पडताना मागच्याला सांगणार. कित्येक वर्षं ते आमच्या प्रत्येक यंत्रात चालत होतं. नवीन माणूस आला की मी त्याला तेच लॉक दाखवून शिकवायची.

मग एक नवा मुलगा आला, त्यालाही तसंच शिकवलं. तो निपाणीचा, घरचा तंबाखूचा व्यापार. बेंगळुरात काही वर्षं नोकरी करून परत आलेला. सकाळी एस.टी.नं यायचा. हुशार आणि अतिशय नम्र. पहिल्या दिवसापासून मला आक्का म्हणायला लागला. आमच्याकडं आक्का कुणीही कुणालाही म्हणतं, त्यात काही विशेष नाही. पण ऑफिसात बाकी सगळे मॅडम म्हणत असताना यानंच आक्का का म्हणावं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

काही महिन्यांनी त्यानं नवीन लॉक लिहून पाठवलं. सोबत मोजमाप होतं. त्याच्या लॉकवर यंत्र माझ्या लॉकपेक्षा कितीतरी जास्त काम उरकत होतं. आमचे साहेब बेंगळुरात बसतात. त्यांचा त्याच दिवशी फोन आला, म्हणाले, लवकर तपासून मोकळं करा.

या धंद्यात एवढा वेग फुकटात मिळत नाही. कुठंतरी काहीतरी गाळलेलं असतं. मी त्याचा कोड ओळीओळीनं वाचला. नवशिके चुकतात त्या सगळ्या जागा बघितल्या. एकही चूक सापडली नाही. त्यामुळं समाधान व्हायच्या ऐवजी संशय वाढला. मी शंका लिहून पाठवल्या, त्याची उत्तरं लगेच आणि गोड शब्दांत आली. कुठं वाद घातला नाही, कुठं चिडला नाही. स्वतःच्या कोडाबद्दल माणूस इतका थंड कसा राहतो, हेही मला खटकलं.

मग मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले. तो जैन, चातुर्मासात सूर्यास्ताच्या आत जेवायचा. संध्याकाळी बाकीचे चहाला बाहेर पडले की हा डबा उघडायचा, आणि नेमका तेव्हाच त्याच्या स्क्रीनवर कसली तरी चाचणी चाललेली असायची. मी जवळ गेले की तो स्क्रीन बंद करायचा. एकदा नाही, वरचेवर. साहेबांशी फोनवर तो कन्नडात हसून बोलायचा. मला कन्नड येतं, तरी त्यातलं हसणं मला कळत नव्हतं. हा सोयीचे आकडे तेवढे निवडून पाठवतो, अशी माझी जवळजवळ खात्री झाली.

घरी जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत गणित शिकवतात, लॉकबिक त्यांना माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या कामात चूक आहे, की तुला ती असायला हवी आहे?"

मी भाजी वाढून घेतली. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची चाचणी लिहिली. एकूण काम किती झालं हे तो मोजत होता. मी प्रत्येक कोरला लॉक किती वेळा मिळालं आणि किती थांबावं लागलं, हे वेगवेगळं मोजलं. निकाल बघून मी खुर्चीत मागं रेलले. आमच्या यंत्रात दोन चिपा असतात, निम्मे कोर हिच्यावर, निम्मे तिच्यावर. लॉक एका चिपेवरून दुसऱ्या चिपेवर जायला वेळ लागतो, शेजारच्या कोरला द्यायला लागत नाही. त्याचं लॉक आधी आपल्याच चिपेवरच्यांना पाळी द्यायचं. वेग तिथून येत होता. पण या बाजूला गर्दी हटलीच नाही, तर पलीकडच्या चिपेवरचे कोर नुसते ताटकळत राहात होते. त्यांची पाळीच येत नव्हती.

मी साहेबांना कळवलं नाही. आलेख छापून घेतला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. त्याचा डबा उघडा होता. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "व्हय आक्का. हे मला म्हाईत हाय."

"माहीत आहे? मग लपवलंस कशाला?"

दुरुस्त करणारच होतो, असं तो म्हणाला. साहेबांनी घाई केली आणि आपल्यालाही घाईच होती. तुला कसली घाई, असं मी विचारलं. तो डब्याचं झाकण लावत बसला. मग खाली बघूनच बोलला, "तुमचं जुनं लॉक लवकर काढाय पायजे, आक्का. त्यात भानगड हाय."

मला आधी वाटलं, पकडला गेला म्हणून माझ्यावर उलटतोय. मी म्हटलं, दाखव. तेव्हा त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. रोज मी जवळ गेले की बंद व्हायची ती चाचणी माझ्या लॉकची होती.

रांगेत उभं राहायला मी प्रत्येक कोरला दोन जागा दिल्या होत्या. एक नेहमीच्या कामासाठी, एक मध्येच येणाऱ्या तातडीच्या कामासाठी. त्या तातडीतही आणखी तातडीचं काम आलं तर? फार क्वचित होतं ते, पण होतं. मग तिसऱ्या कामाला जागाच नसते, ते पहिल्याच्या जागेवर उभं राहतं, रांगेची साखळी तुटते आणि मागचे सगळे कायमचे थांबून राहतात. त्यानं चाचणी सुरू केली. थोडा वेळ आकडे पळाले आणि थांबले. यंत्र गप्प झालं.

आमच्या एका ग्राहकाचं यंत्र असंच अधूनमधून गप्प व्हायचं. आम्ही त्याचे मेमरीचे बोर्ड बदलून दिले होते, वीज खराब आहे असंही सांगितलं होतं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही समद्यांना त्या लॉकवर शिकवता. म्या कालचा आलेला, म्या कसं सांगू? नवीन बसलं की जुनं आपसूक जाईल, तुम्हाला वाईट वाटायचं न्हाय, असा इचार केला."

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मी म्हटलं, "अरे, नवीन यंत्रांत जाईल. पण लोकांकडं चालू असलेल्या यंत्रांत काय चुकलंय हे सांगितल्याशिवाय ते कोण काढणार आहे रं?"

एवढा हुशार माणूस, पण हा विचार त्यानं केला नव्हता. त्याचा चेहरा पडला. नेहमीची एस.टी. निघून गेली तरी तो बसून राहिला. मग मी त्याला माझ्या स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडलं. 

सकाळी साहेबांना फोन लावला आणि जुन्या लॉकमधली चूक मीच सांगितली.  मग त्यांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी त्याच्याकडं बोट केलं आणि मग लक्षात आलं की फोनवर बोट दिसत नाही.

जुन्या लॉकमध्ये जागा वाढवणं सोपं होतं, ते काम आधी केलं आणि सगळ्या ग्राहकांना कळवलं. एकदोघांनी खरमरीत पत्रं पाठवली, ती रास्तच होती. ज्याला वीज खराब असल्याचं सांगितलं होतं, त्याच्याकडं मी स्वतः जाऊन आले.

नव्या लॉकवर मात्र आमचं जमायला वेळ लागला. ठरावीक वेळा आपल्या चिपेवर पाळी दिली की पुढची पाळी पलीकडं द्यायचीच, इथपर्यंत दोघांचं एकमत झालं. पण ठरावीक म्हणजे किती? त्याला आकडा मोठा हवा होता, मला लहान. हा अजून वेगाच्याच मागं आहे असं मला वाटायचं, आणि मी त्याचं लॉक मुद्दाम मंद करतेय असं त्याला वाटत असावं. शेवटी एकट्यानं चाचणी घ्यायचीच नाही असं ठरलं. एक टाईप करणार, दुसरा शेजारी बसून बघणार. सुभेदार एकदा पाण्याच्या मोटारीचं विचारायला आत आले, तर आम्हाला असं एकमेकांवर पहारा देत बसलेलं बघून काही न विचारताच परत गेले.

जो आकडा निघाला तो दोघांनाही पसंत नव्हता, पण त्यावर बोट ठेवायला दोघांनाही जागा सापडली नाही. लॉक त्या आकड्यावर गेलं. आता ते सगळ्या यंत्रांत आहे, आणि गप्प पडणारं ते यंत्रही नीट चालतंय.

तो अजून आमच्याकडंच आहे. हल्ली माझ्या कोडात काही दिसलं की थेट खुर्ची ओढून येतो आणि म्हणतो, "आक्का, हितं चुकलंय." पहिल्यांदा तसं म्हणाला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मी बघितलं, तर चुकलेलं नव्हतं. तसं त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.