जमुना आणि वर्तुळावरचे बिंदू

तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरात राहायला खोली मिळेनाशी झाली, त्याच सुमारास एकनाथ चुरी आपल्या बायकोला घेऊन एडवणहून तिथे आला. तो एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायचा. बायको जमुना चौथी शिकलेली, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून. एडवणला घरात दहा माणसं होती. बोईसरात नवरा कामावर गेला की बोलायला भिंती तेवढ्या उरत. त्यामुळे संध्याकाळी तो घरी आला की त्याचं सगळं बोलणं आपल्याच वाट्याला यावं, असं तिला वाटे.

आणि नेमकी संध्याकाळीच हंसा येऊ लागली.

हंसा मागच्या आळीतल्या सोजराबाईची मुलगी. सोजराबाई मूळची दातिवऱ्याची, बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी. तिची ही मुलगी रोज गाडीने पालघरच्या कॉलेजात जायची, शास्त्र शाखेला. आळीतली कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी. गणितात अडलं म्हणून सोजराबाईने एकनाथला गळ घातली आणि एकनाथ खूश होऊन हो म्हणाला.

दिवे लागले की दोघं बाहेरच्या खोलीत बसत. जमुना आत चुलीशी. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा.

"वर्तुळाचा मध्य इथे, शून्यावर," एकनाथ सांगायचा. "त्रिज्या पाच. आता हा बिंदू घे, तीन आणि चार. वर्तुळावर आहे की नाही, चित्र न काढता सांग."

"तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा," हंसा म्हणायची. "पंचवीस. पाचाचा वर्गही पंचवीस. म्हणजे वर्तुळावर."

"शाब्बास!"

हे 'शाब्बास' जमुनेच्या काळजात काट्यासारखं जायचं. तिच्या हातचं कालवण खाऊन तो नुसता "बरं झालंय" म्हणायचा. शाब्बास त्याला येतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. त्यातून ती दोघं हसायची. आकड्यांत हसण्यासारखं काय असतं? जमुना भाकरी थापता थापता कान देऊन ऐकू लागली. वर्ग तर तिलाही तोंडपाठ होते, शाळेत मास्तरांनी ते घोकून घेतले होते. एकेक बिंदू ती मनातल्या मनात ताडून पाहू लागली आणि हंसाच्या आधी उत्तर आलं की तिला आनंदाची उकळी फुटायची.

एका संध्याकाळी एकनाथने पुन्हा तोच बिंदू दिला. "तीन आणि चार. बोल, वर्तुळावर आहे का?"

हंसा थांबली. ती थांबली हे पाहून जमुनेला राहवलं नाही. पिठाच्या हातानेच तिने पडदा सारला.

"आहे! एवढंही येत नाही? नऊ नि सोळा पंचवीस!"

एकनाथ हसला. "अगं, आज कागदावर मध्य हलवलाय. मध्य दोन आणि एकवर आहे. आधी तिनातून दोन वजा कर, चारातून एक. राहिले एक आणि तीन. त्यांचे वर्ग एक आणि नऊ, मिळून दहा. पंचविसापेक्षा कमी, म्हणजे हा बिंदू आत पडला."

हंसाने ओठ दाबून धरले, पण तिच्या डोळ्यांतलं हसू जमुनेने पाहिलं. पडदा सोडून ती आत आली. त्या संध्याकाळी भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. सोजराबाईच्या पाटीपुढे बसून बोंबील निवडता निवडता म्हणाली, "मावशी, तुमच्या भल्यासाठी सांगते. पोर तरणी आहे. दिवे लागल्यावर परक्याच्या घरी बसते. आमच्या यांचं काही नाही, पण लोकांची तोंडं कोण धरणार?"

सोजराबाईचा कोयता हातातच राहिला. "कोन बोलला?"

"नावं कशाला घ्यायची? बोलतात."

हंसाचं येणं त्या संध्याकाळपासून बंद झालं.

जमुनेला वाटलं, आता घर आपलं. पण एकनाथ यायचा, हातपाय धुवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. परीक्षा जवळ आली होती. एकदा तो स्टेशनवरून उतरलेल्या चेहऱ्याने घरी आला.

"हंसा दिसली. मला बघून तोंड फिरवून गेली. मी काय वाईट केलं गं तिचं?"

जमुना चुलीकडे वळली. पोरगी घरात नव्हती तरी तिच्याचसाठी हा झुरत होता. समोर होती तेव्हा निदान पडद्याआडून नजर ठेवता येत होती. आता त्याच्या मनात काय चाललंय, हे कुठून बघणार? शेवटी ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"मला शिकवा ते. हललेल्या मध्याचं."

"तुला? कशाला?"

"तिला शिकवताना विचारलंत का, कशाला?"

एकनाथने खडू घेऊन जमिनीवर आकडे मांडले. मध्य दोन आणि एक, त्रिज्या पाच. आधी वजाबाकी, मग वर्ग, मग बेरीज. पहिला बिंदू तिने चुकवला. दुसराही. तिसरा होता सात आणि दोन.

"पाच आणि एक," ती सावकाश म्हणाली. "पंचवीस आणि एक, सव्वीस. जास्त झाले. बाहेर पडला. एवढ्याशा फरकाने गेला की हो मेला!"

आणि एकनाथ हसला. अगदी तेच हसू, जे पडद्याआडून ऐकून ऐकून तिने जीव जाळून घेतला होता. "शाब्बास!" तो म्हणाला. "आमच्याकडे गोल टाकीची भिंत आखतात ना, तिचे खुंटही मी कागदावर असेच तपासतो. सव्वीस आले की माझाही असाच जळफळाट होतो."

जमुना आकड्यांकडे बघत राहिली. म्हणजे एवढंच होतं तर. एवढ्यावर ती दोघं हसत होती. तिला एकदम मोकळं वाटलं आणि पाठोपाठ आपण बाजारात काय करून बसलो ते आठवलं.

सकाळी ती सोजराबाईच्या दारात गेली. हंसा ओट्यावर मासळी सुकत घालत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, लोकांतलं कुणी काही बोललं नव्हतं," जमुना म्हणाली. "मीच बोलले. माझ्या पोटात दुखलं म्हणून."

सोजराबाईने हातातली पाटी खाली आपटली. मग आवाज चढवून म्हणाली, "नवरा तुजा, संशय तुजा, नि घरी बसली माजी पोर? रडून रडून तिचं डोलं सुजलं हाय. लाज नाय वाटली?"

"वाटते. म्हणून आले."

"मंग आता तूच तिला न्यायची नि तूच आनून सोडायची. रोज. लोकांनी बघू दे तुला तिच्यासंगती."

जमुनेने मान्य केलं. रोज दिवे लागायच्या आधी ती हंसाला आणायला जाई. आधी हंसा एक शब्द बोलत नसे. मग हळूहळू वाटेत कॉलेजबद्दल सांगू लागली. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या कशा असतात, मुलं मागच्या बाकावरून कशी चिडवतात, सरांनी फळ्याशी बोलावलं तेव्हा हातातला खडू कसा मोडला. जमुना ऐकायची आणि तिला पुन्हा जळायला व्हायचं. मात्र त्या जळण्यात एकनाथ नव्हता. एडवणला चौथीनंतर तिचं दप्तर काढून घेऊन तिच्या कडेवर धाकटा भाऊ दिला होता, आणि ही पोरगी गाडीत बसून पालघरला जात होती. पडदा आता बाजूला सारलेलाच असायचा. जमुना चुलीवर आधण ठेवून त्यांच्यात येऊन बसायची आणि हंसाच्या आधी उत्तर द्यायला धडपडायची. बहुतेक वेळा हंसाच जिंकायची.

हंसा पास झाली. पुढे वाणगावच्या शाळेत तिला गणित शिकवायची नोकरी मिळाली. ज्या वर्षी तारापूरची वीज सुरू झाली, त्याच वर्षी जमुना सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसली. इतिहासात जेमतेम सुटली, गणितात बरे गुण मिळाले. आपण बाजारात काय बोललो होतो, ते तिने एकनाथला कधीच सांगितलं नाही. सोजराबाईनेही नाही.

नोकरीचे पेढे घेऊन हंसा आली, तेव्हा आईसारखं नऊवारी नव्हे, नवीन पाचवारी पातळ नेसली होती आणि खांद्याला पर्स होती. तिने आधी एकनाथला वाकून नमस्कार केला. त्याचे डोळे भरून आले. जमुनेच्या काळजात परत ती जुनी कळ उठली. तिने ती उठू दिली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बस गं, चहा ठेवते. आणि वर्गातली पोरं कशी आहेत ते सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."