न दुखणारं मशीन

आमच्या घराकडे एका घोड्याचा मान होता. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, आमच्या डिचोलीकडे घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधायचा, पायांत घुंगरं, हातात तलवार, आणि ढोल-ताशांवर पाय आपटत, सगळा गाव जमतो त्या मांडावरून शिवेपर्यंत नाचत जायचं. गोव्याला घटक राज्य मिळालं त्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले, आणि नवऱ्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या घोड्यात. एरवी वास्कोच्या बसवर तिकिटं फाडणारा गरीब स्वभावाचा माणूस, घोडा बांधला की जमीन हादरवायचा. खोटं कशाला सांगू, मी तिथंच भाळले.

पुढे चौदा-पंधरा वर्षांनी लाटंबार्सेच्या काजूच्या डोंगरातून उतरताना त्यांचा गुडघा पिळवटला. ऑपरेशन झालं. त्या वर्षी आमचा घोडा नाचला नाही, आजारपण म्हणून गावानं सांभाळून घेतलं. पण पुढच्या शिगम्यालाही घरचा माणूस उभा राहिला नाही तर मान चुलत दिराच्या घरी जायचा होता. आम्हाला दोन मुली. घोड्यात पुरुषच नाचतात, तेव्हा दुसरं कोण होतं?

डॉक्टर म्हणाले, पाय आदळेल असं काही नको, मशीनवर व्यायाम करा. म्हापशाला एका माडीवर तसली मशीनं होती. बेळगावकडची एक मुलगी व्यायाम करून घ्यायची. आठवड्यातून तीनदा मी त्यांना घेऊन जायची आणि समोर बाकावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

पहिली, जागच्या जागी फिरणारी सायकल. बसलेलं असल्यामुळे अंगाचं वजन पायावर येत नाही. पण गुडघा वर आला की आत कट्ट वाजायचं आणि यांचे ओठ आवळले जायचे. दुसरं वल्हवायचं. सरकत्या पाटावर बसायचं, पावलं पट्ट्यात अडकवायची आणि दांडा छातीशी ओढायचा. पाठ, दंड, मांड्या, सगळं कामाला लागतं म्हणून त्या मुलीला ते फार आवडायचं. पण पाट पुढे आला की गुडघा पार दुमडायचा. "चोपड्याच्या होडीत बसलो असतो तर एव्हाना नदीपलीकडे पोचलो असतो," असं हे म्हणाले खरे, पण डोळ्यांत पाणी होतं. तिसऱ्यावर उभं राहायचं. दोन पट्ट्यांवर दोन पाय, हातांत दोन दांडे, आणि पाय नुसते गोल सरकत राहतात, पट्टीवरून उचलायचेच नाहीत. आदळणं नाही, फार दुमडणं नाही. पंधरा मिनिटांत घाम निथळला आणि तोंडावर हसू! माझ्या जिवात जीव आला. मी सांगून टाकलं, यापुढे हेच.

तीन महिन्यांनी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकी, पाय मजबूत झालाय. आता त्यांना जमिनीवर सोडा की हो. उचलायचं नि टेकायचं हे मशीन शिकवत नाही."

"ऑपरेशन तुझ्या नवऱ्याचं झालंय का?" मी फटकन म्हटलं. ते शब्द आज आठवले की माझीच मला लाज वाटते.

घरीही माझा पहारा. संध्याकाळी हे अंगणात एखादं पाऊल टाकून बघायचे, की मी आतून ओरडायची, "पाय आपटलात तर माझ्याशी गाठ आहे!" शेवटी मी घुंगरं तांदळाच्या डब्यात लपवली. हे दोनदा मागायला आले, मी दिली नाहीत. तिसऱ्यांदा आले नाहीत.

शिगम्याच्या दिवशी मीच ती काढून त्यांच्या पायांत बांधली. मांडावर सगळे घोडे रांगेत उभे राहिले. ढोल वाजला, पावलं उचलली गेली आणि एकदम जमिनीवर पडली. यांची सरकली. पुढे सरकली, मागे सरकली, मातीवरून उठलीच नाहीत. त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. पाऊल वर जायचं, अडखळायचं आणि कुणी झोपलेलं असावं तसं हळूच खाली यायचं. तोपर्यंत रांग पुढे गेलेली असायची. माझ्या शेजारच्या बायका दुसरीकडे बघू लागल्या.

दुसऱ्या फेरीनंतर ते स्वतःच बाहेर आले. त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि घोडा चुलत दिराच्या हातात दिला. घुंगरंही काढून दिली. दिरानं आधी नको नको म्हटलं, मग वाकून नमस्कार केला आणि घोडा बांधून घेतला. ढोल पुन्हा सुरू झाला.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं, गुडघा शेकायला बसले. मला माफी मागायची होती, पण मी नुसतं गरम फडकं पिळून गुडघ्यावर ठेवलं. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"शेक नाका गो," ते म्हणाले. "मातूय दुखूंक ना."

शेक नको होता, जराही दुखलं नव्हतं. वर्षभर मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं.