बारवेतला पिंपळ घरजावई झाला

जुन्या वास्तू राखण्याचे आणि झाडे जगविण्याचे, अशी दोन व्रते मी निवृत्तीच्या वर्षी एकदमच घेतली. ती कधी एकमेकांच्या अंगावर धावून येतील, असे तेव्हा मनात आले नव्हते. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसाला द्वंद्व समासाची भीती वाटत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

बाजाराचे गाव गोरेगाव; तिथून जीपने थोडे आत आमचे गाव आहे. गावाच्या उगवतीला दगडी बारव आहे. भिंतींलगत पायऱ्या उतरत गेलेल्या, मधोमध पाणी, आणि कोनाड्यांत झिजून झिजून अधिकच शांत झालेली दैवते. आम्ही चार-दोन माणसांनी दर रविवारी गाळ उपसून ती मोकळी केली. त्या गाळात एक सायकल आणि छताचा एक पंखाही निघाला. पंखा बारवेत का टाकावा, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

त्याच सुमारास रस्त्याकडेची झाडे राजरोस तोडली जात होती. म्हणून श्रावणातल्या प्रवचनात मी मारुतीच्या देवळात सांगितले की, अश्वत्थावर जो कुऱ्हाड घालतो त्याचा वंश बुडतो. वृक्षतोडीचा दोष शास्त्रात आहेच; वंशाचा मजकूर मात्र मी पदरचा घातला होता. उपदेश लागू पडला, आणि गरजेपेक्षा फार अधिक लागू पडला. गावात पिंपळाला कोणी हात लावीना. पाण्याच्या टाकीवर पिंपळ उगवला, शाळेच्या संडासावर उगवला, आणि एक उगवला बारवेच्या उत्तरेकडील भिंतीत.

मीच त्याला रोज अर्घ्य देत असे. पाहता पाहता तो दीड पुरुष उंच झाला. एका माघात मी नमस्काराला वाकलो, तेव्हा भिंतीच्या सांध्यात माझा पंजा सहज आत गेला. मुळांनी वरचे दगड ढकलत आणले होते. आणखी एक पावसाळा गेला असता, तर भिंत कोनाड्यांतल्या देवांसकट पाण्यात बसली असती.

मी गवंड्याला बोलाविले. त्याने भिंत पाहिली, पिंपळ पाहिला, आणि शेवटी मला पाहिले.

"गुरुजी, झाड काढल्याबिगर भिंत न्हाई ऱ्हात. पर मी न्हाई काढणार. तुमीच सांगितलं होतं, वंश बुडतो."

"अरे, पण भिंत पडेल."

"मंग तुमी घ्या कुऱ्हाड. मी धरतो फांदी."

"मला नातवंडे आहेत रे."

"व्हय का? अन् माझी लेकरं काय रस्त्यावर सापडली?"

यावर उत्तर देणारे सूत्र शोधायला मी घरी आलो. चार दिवस मी पोथ्या चाळीत बसलो. जेवताना लक्ष नाही हे पाहून घरातून विचारणा झाली. मी सारे सांगितले. सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता निकाल दिला.

"अहो, तोडायचा कशाला? मुंज करा, लग्न लावा, आणि पाठवा दुसऱ्या घरी. माणसांच्या पोरांचं काय करतो आपण?"

पिंपळाची मुंज आणि कडुलिंबाशी त्याचे लग्न, हे विधी आमच्याकडे पूर्वापार होत आले आहेत. अडचण एकच होती. नवरा मुलगा पिंपळ, आणि घर सोडायचे होते ते त्यालाच. लग्न लावून वराला सासरी कसे पाठवावे, याविषयी माझ्याजवळचे सर्व ग्रंथ मौन पाळून होते.

सोयीचा कडुलिंब होता तो ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर. मी तांड्याच्या नायकाकडे मागणी घेऊन गेलो. त्याने खाट टाकली, चहा दिला, आणि सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे गुरुजी, पोरगी आमची, जागा आमची, पाणी बी आमीच घालायचं. तुमचं काय?"

"मुलगा आमचा," मी नम्रपणे म्हणालो.

आतून नायकीण म्हणाली, "घरजावई हाय म्हना की सरळ. खातो किती ते इचारा."

"रोज दोन घागरी पाणी. बाकी मुलगा निर्व्यसनी आहे."

नायक हसला, मग गंभीर झाला. "आमचे पूर्वज धान्याचे बैल घेऊन ह्याच वाटेनं जायचे. बारवेच्या पश्चिम अंगाला बैल पाण्यावर उतरवायचा उतार होता म्हणतात. तुमी तो बुजवून टाकला. तो मोकळा करा, मंग जावई आमचा."

तो उतार असल्याचे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे बारव राखली, आणि तिचे एक दार मातीखाली होते. मी तिथेच शब्द दिला. तो पाळायला आम्हाला पुढचे पाच रविवार लागले.

फाल्गुनात मुहूर्त काढला. झाड तोडायचे नाही म्हटल्यावर तयार झालेल्या गवंड्याने वरचे दगड गेरूने खुणा करीत एकेक उतरविले आणि मुळे मोकळी केली. मध्येच त्याचा हात थांबला.

"गुरुजी, एक मुळी तुटली. ह्याचं काय?"

"मुंजीत केस कापतात ना? तेच समज."

"मंग दोन-चार फांद्या बी कापू का? बटू बराबर दिसंल."

मुळांना ओली पोती बांधून, मुंडावळ्या लावून नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसला. पुढे हलगी, मागे गाव. मंगलाष्टके मी म्हटली, आणि अक्षतांखाली कडुलिंबाशेजारच्या खड्ड्यात पिंपळ उभा राहिला. इकडे भिंतीतली उरलेली मुळे काढून गवंड्याने खुणेबरहुकूम दगड चुन्यात बसविले.

आठवडाभरात पिंपळाचे एकूण एक पान गळाले. मी रोज पहाटेचे संध्यावंदन आटोपून ओढा ओलांडीत असे. नायकीण दारातच सांगे, "जावई रुसला. पाणी पितो, बोलत न्हाई." मला मात्र हसू येत नसे. भिंत वाचविण्यासाठी ज्याला घरातून काढले, ते झाड गेले असते, तर त्याचा दोष कुठल्या ग्रंथात शोधायचीही मला गरज नव्हती.

चैत्र सरता सरता एका सकाळी नायकीण दारातून उठून झाडाकडे निघाली. तिने वर बोट दाखविले. शेंड्याला तांबूस, बाळाच्या कानाच्या पाळीएवढे एक पान होते. मी तिथेच बसून घेतले.

त्या श्रावणात मी प्रवचनात कबुली दिली की, वंशाची गोष्ट माझ्या पदरची होती. उतरताना गवंडी पायरीवर भेटला.

"म्हाईत होतं, गुरुजी. माझ्या आज्यानं लई पिंपळ तोडले, अन् आमी सतरा भाऊबंद हाओत."

"मंग त्या दिवशी काहून घाबरला?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"घाबरलो न्हाई. तुमी काय करता ते बघून राहिलो होतो."

बोलत बोलत आम्ही बारवेवर आलो. उत्तरेच्या भिंतीत, नव्या चुन्याच्या सांध्यात, दोन पानांचा एक पिंपळ उगवला होता. गवंडी बाजूला झाला. मी खाली वाकलो, पिंपळाची क्षमा मागितली, आणि दोन बोटांनी मुळासकट अलगद काढून तो हातातल्या पाण्याच्या तांब्यात ठेवला.